पोतं मोजा, जमीन मोजू नका

उद्या तुमच्या टेबलावर एखाद्या बंद पडलेल्या रासायनिक कारखान्याची नस्ती आली आणि तिच्यावर ‘साफसफाई आराखडा, देखरेखीसाठी’ असा शेरा असला, तर घाबरू नका. जागेवर तर मुळीच जाऊ नका, बूट खराब होतात. आधी भोपाळची नस्ती मागवून घ्या. युनियन कार्बाइडच्या आवारातला कचरा आपल्या सरकारांनी चाळीस वर्षं ज्या निगुतीने सांभाळला, तेवढी कुणी वडिलोपार्जित भांडी सांभाळत नाही.

सगळ्यात आधी काय मोजायचं ते ठरवा. वायू एका रात्रीत सुटला, २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या. कचऱ्याचं तसं नव्हतं. कीटकनाशकं बनत होती तोवर तो आवारातल्या खड्ड्यांत आणि बाहेरच्या तळ्यांत साठत होता, नंतर गुपचूप जमिनीत मुरत राहिला. आसपासच्या वस्त्यांचं भूजल नासलं. मग २००५ मध्ये वरवरचा कचरा गोळा करून आवारातल्या शेडमध्ये ठेवला गेला आणि एक देखणा आकडा जन्माला आला: ३३७ टन. हा पाठ करा. नीरी (पर्यावरण अभियांत्रिकी) आणि एनजीआरआय (भूभौतिकी) या सरकारच्याच संशोधन संस्थांनी २०१० मध्ये दूषित मातीचा अंदाज सुमारे ११ लाख टन दिला होता. हा आकडा पाठ करू नका. सव्वातीन हजारांतला एक हिस्सा पोत्यात आहे, बाकीचा जमिनीत. पण पोतं ट्रकमध्ये चढवता येतं, त्याचा फोटो निघतो. माती नुसती पडून असते, तिच्यासमोर फीत कुठे कापणार?

पोती झाली की जागा शोधायला लागा. घाई नको. भोपाळच्या पोत्यांसाठी अंकलेश्वर ठरलं. गुजरातने होकार दिला आणि फिरवला. मग नागपूरजवळची संरक्षण संशोधन संस्थेची भट्टी ठरली. तिथे आपणच आडवे आलो. (नीरीचं मुख्यालय नागपुरातच. कचरा मोजायला नागपूर, घ्यायला नाही, आणि खरं सांगायचं तर नागपूरकरांच्या जागी मीही हेच केलं असतं.) मग विमानाने थेट जर्मनीला पाठवायचं चाललं होतं, तेही २०१२ मध्ये बारगळलं. २०१५ मध्ये मध्य प्रदेशातच, इंदूरजवळच्या पीथमपूरच्या भट्टीत १० टन जाळून पाहिले. त्यानंतर विश्रांती. एका चाचणीचा थकवा नऊ वर्षं पुरवून वापरता येतो, हे लक्षात ठेवा.

दरम्यान लोक विचारतीलच, की हे घातक आहे का? उत्तर प्रसंग पाहून द्या. २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तिथला कचरा हातात घेतला आणि बघा, मी जिवंत आहे, खोकतसुद्धा नाही, अशा अर्थाचं ते बोलले. त्याच वर्षी, पंचविसाव्या स्मृतिदिनाच्या निमित्ताने, आवार लोकांना पाहायला खुलं करायचा बेत राज्य सरकारने आखला होता. ओरड झाल्यावर तो गुंडाळला. तोच कचरा पुढे हलवायची वेळ आली तेव्हा संरक्षक पोशाखातले कामगार अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळीने तो भरत होते. बसल्या जागी निरुपद्रवी, हलवताना जहाल. असा गुणी कचरा तुमच्या वाट्याला येवो.

न्यायालयाला कधी नाराज करू नका, फक्त थकवा. जनहित याचिका २००४ ची. ३ डिसेंबर २०२४ ला मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने चार आठवड्यांत कचरा हलवा म्हणून खडसावलं, आणि काय नवल, १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनर निघालेसुद्धा! सुमारे २५० किलोमीटर, हिरवा कॉरिडॉर, मागेपुढे पोलीस. वायूच्या रात्री भोपाळकरांना पळायला असा रस्ता कुणी मोकळा करून दिला नव्हता. पीथमपूरकरांना आधी विचारायचं राहून गेलं. दोन दिवसांत तिथे बंद झाला, दोघांनी स्वतःला पेटवून घ्यायचा प्रयत्न केला. त्यानंतर जनजागृती सुरू झाली. क्रम नीट बघून ठेवा, तो नेहमी असाच असतो.

खर्चाची लाज बाळगू नका. केंद्राने १२६ कोटी दिले, म्हणजे किलोला साधारण ३,७०० रुपये. काजूकतली याच्यापुढे रेशनचा माल वाटते. हे करदात्याचे पैसे. कंपनीकडून वसूल का नाही केले, असं कुणी विचारलं तर प्रकरण न्यायप्रविष्ट आहे म्हणा. काही ना काही न्यायप्रविष्ट असतंच.

जून २०२५ अखेर सगळं जळून झालं. ३३७ टन संपले. जाळताना चुना वगैरे मिसळावा लागतो, त्यामुळे मागे राख आणि इतर अवशेष उरले साडेआठशे टनांहून जास्त. निराश होऊ नका, नोकरीची ही खरी हमी आहे. ती राख कुठे पुरायची यावरून प्रकरण पुन्हा न्यायालयात गेलं. तुम्ही नवी नस्ती उघडा, नवी समिती नेमा. बैठकीत एखाद्या आगाऊ सदस्याने भोपाळच्या मातीचं काय म्हणून विचारलंच, तर तो मुद्दा ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ यात घ्या. तिथवर बैठक पोहोचेपर्यंत चहा आलेला असतो.