अंदाजपत्रकानंतर पैसा कुठे गेला, ते दाखवा

पुणे महापालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक होतं 12,618 कोटींचं. ते मांडलं तेव्हा कुठल्या उपनगराला किती मिळालं यावर भरपूर चर्चा झाली. पण त्यातले किती कोटी खरोखर जमा झाले, कुठल्या प्रभागात कोणत्या कामावर खर्च पडले, हे वर्षभर कुणी विचारत नाही. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते.

अंदाजपत्रकात तरतूद झाली म्हणजे काम झालं, असं नसतं. मध्येच 'वर्गीकरण' होतं, म्हणजे एका कामाचा पैसा दुसऱ्याकडे वळतो. पूल खचला, नाला फुटला तर वळवायलाच हवा. पण कुठल्या कामाचा काढला, हे त्या भागातल्या माणसाला कळू नये? मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर तर अंदाजपत्रक प्रशासकांनीच मांडलं आणि प्रशासकांनीच मंजूर केलं. सभागृहात उठून प्रश्न विचारणारंच कुणी नव्हतं.

मग येतो मार्चएंड. निविदा उशिरा निघते, तरतूद 31 मार्चला संपते, म्हणून रस्ता घाईत होतो, एमबी, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापाची वही, घाईत लिहिली जाते, बिल घाईत निघतं. अशा रस्त्याचा दर्जा तपासायला वेळ कुणाकडे असणार? केंद्राच्या वित्तीय नियमांत वर्षअखेरीच्या खर्चाच्या घाईला आर्थिक औचित्याचा भंग म्हटलंय. केंद्रीय मंत्रालयांना शेवटच्या तिमाहीत वर्षाच्या तरतुदीच्या 33 टक्के आणि एकट्या मार्चमध्ये 15 टक्के अशी मर्यादा घातलेली आहे. ती महापालिकांनाही घाला.

युगांडाचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. 1991 ते 1995 या काळात तिथल्या सरकारने प्राथमिक शाळांना पाठवलेल्या अनुदानातले सरासरी 13 टक्केच शाळांपर्यंत पोचले, असं पाहणीत निघालं. बाकीचे मधल्या मधे जिरले. त्यानंतर कुठल्या जिल्ह्याला किती पैसे पाठवले ते वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळेच्या भिंतीवर लावायला सुरुवात झाली. काही वर्षांत शाळांपर्यंत पोचणारा वाटा कितीतरी वाढला. नुसत्या छापण्याने सगळं बदललं नसेल, तिथे इतर सुधारणाही चालू होत्या. पण मुख्याध्यापकाला आणि पालकांना आपला आकडा कळला, हे मोठंच पाऊल होतं.

2017 मध्ये आपल्या महापालिकेने समान पाणीपुरवठा योजनेसाठी 7.59 टक्के व्याजाने 200 कोटींचे कर्जरोखे काढले. रोखे घेणाऱ्यांपुढे सेबीच्या, म्हणजे शेअर-रोखे बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नियमांप्रमाणे ठरावीक काळाने हिशेब मांडावा लागतो. मग मिळकतकर भरणाऱ्यापुढे का नको? माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 मध्ये तर कुणी अर्ज न करताही खर्चाची माहिती जाहीर करायची जबाबदारी कार्यालयांवरच टाकलेली आहे.

पंधराही क्षेत्रीय कार्यालयांच्या दारात दर महिन्याला एक मराठी तक्ता लागावा: काम, ठिकाण, ठेकेदार, मूळ तरतूद, वर्गीकरण, दिलेलं बिल. आपल्या प्रभागात यासाठी लेखी मागणी द्यायला जे तयार असतील त्यांनी खाली प्रभागाचं नाव लिहा. लेखापरीक्षणात काम केलेल्यांची तर फारच गरज आहे.