दिवसभर नेमकं काय करतात?

दहावीचा निकाल लागला आणि आमच्या घरी पेढ्यांपेक्षा सल्ले जास्त आले. पेढे दोन दिवसांत संपले. सल्ले अजून फ्रीजमध्ये आहेत.

पोरगी मात्र शांत. "बाबा, मी आधी रिसर्च करणार. दुनियेत काय काय कामं असतात ते पाहीन, मग ठरवीन." मला अभिमान वाटला. आमच्या वेळी रिसर्च म्हणजे मामा काय करतो ते पाहणं, आणि मामाला जमलं नाही ते आपण करणं.

तिनं दोनशे पानी रजिस्टर आणलं आणि चार रकाने आखले. काम, शिक्षण, पगार, आणि चौथा : दिवसभर नेमकं काय करतात? पहिले तीन एका संध्याकाळी मोबाइलवरून भरले. चौथ्यानं मात्र आमचा उरलेला मे महिना खाल्ला. नागपूरचा मे, म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

सुरुवात धरमपेठेतल्या एका समुपदेशकांपासून झाली. फी 2500 रुपये. जॉन हॉलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं माणसांचे सहा प्रकार पाडले आहेत : हातानं काम करणारे, शोध घेणारे, कलावंत, लोकांत रमणारे, लोकांना कामाला लावणारे आणि सगळं रीतसर फाइलला लावणारे. चाचणीत प्रश्न होता, 'तुम्हाला बंद पडलेलं घड्याळ दुरुस्त करायला आवडेल का?' पोरीनं 'हो' लिहिलं. घरी आल्यावर आजी म्हणाली, "मंग सैपाकघरातलं दिवाळीपासून बंद हाय, ते का नाही पाहिलं बाप्पा?" अहवालात सहाही प्रकारांना जवळपास सारखेच गुण पडले होते. याला समुपदेशकांच्या भाषेत अष्टपैलू म्हणतात. आमच्या भाषेत याला 2500 रुपये गेले म्हणतात.

मग पोरीला भारत सरकारचं राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण सापडलं. 2015 सालचं. देशातल्या हजारो कामांना त्यात आठ आकडी क्रमांक दिलेले आहेत, आणि त्याचा सांगाडा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2008 च्या यादीवर बेतलेला आहे. ती चार आकडी क्रमांकांची जगाची यादी उघडली आणि दुपारची झोप उडाली. ज्योतिषी 5161. पदार्थ चाखून प्रत ठरवणारे 7515. (हे काम मी लग्नांमधून वर्षानुवर्षं फुकट करत आलोय.) पाणी आणि सरपण गोळा करून आणणारे 9624. मी रोज दोनदा कूलरची टाकी भरतो, तेव्हा सरपण वगळता मी 9624. ऑफिसात 4110, म्हणजे सर्वसाधारण कारकून. हे 'सर्वसाधारण' मला जरा लागलं, पण यादी जगाची होती, भांडणार कोणाशी?

कूलरसमोर भाजी निवडता निवडता बायकोनं विचारलं, "यात मी कुठं हाय?"

शोधलं. दुसऱ्याच्या घरी पगार घेऊन झाडलं-पुसलं तर 9111. आपल्याच घरी बिनपगारी केलं तर क्रमांकच नाही, कारण तो व्यवसाय धरत नाहीत. बायकोनं निवडलेली भाजी तशीच झाकून ठेवली. त्या रात्री आम्ही सावजी जेवलो. बिल माझ्या नावे.

यादीत नाव मिळतं, पण चौथा रकाना मिळत नाही. म्हणून पोरगी प्रत्यक्ष माणसांना भेटू लागली, आणि मी ड्रायव्हर. (8322. हेही पाहून झालं होतं.)

बँकेतले मामाजी पाऊण तास बोलले. सार एकच : "या लाइनीत येऊ नको, बेटा." दिवसभर काय करता? "बदली होते." मिहानमध्ये कॉम्प्युटरवर बसणारा शेजारचा पोट्टा म्हणाला, "कॉल असतात." कशाबद्दल? तो बराच विचार करून म्हणाला, "पुढच्या कॉलबद्दल." एका डॉक्टर नातेवाइकांनी भेटीसाठी नंबर लावायला सांगितलं. बावीसावा होता.

यात एक गोष्ट कळली. माणसाला कामाबद्दल विचारलं की तो साहेबाबद्दल बोलतो.

मग आम्ही सकाळी सातलाच स्कूटर काढून शहरातल्या पाट्या वाचत निघालो. मी पंचवीस वर्षं अमरावती रोडनं जातोय. तिथं देशभरातल्या मातीचं सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी संस्था आहे. वर्धा रोडला कापसाची. शहरात पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी आहे, खाणींचा केंद्रीय ब्युरो आहे, आग विझवायला शिकवणारं राष्ट्रीय महाविद्यालय आहे. देशभरातली स्फोटकं नि पेट्रोल सुरक्षित ठेवण्याचे नियम पाहणारं मुख्य कार्यालयसुद्धा आपल्याच नागपुरात. या पाट्या मी सिग्नलला थांबून हजारदा वाचल्या. पण आत माणसं बसतात आणि ती काहीतरी करतात, हे डोक्यात आलं नव्हतं. संत्री खाण्यापलीकडे संत्र्यात करिअर असतं, हे मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कळलं.

एका गेटवर (कोणत्या ते सांगत नाही) आम्ही धीर करून थांबलो. वॉचमन म्हणाला, "कोणाले भेटाचं हाय काकाजी?"

"कोणाले नाही. इथं लोक दिवसभर काय करतात, एवढंच विचारायचं होतं."

त्यानं आधी मला, मग रजिस्टरला, मग स्कूटरच्या नंबरला न्याहाळलं. "त्याच्यासाठी माहितीचा अधिकार टाका ना भाऊ."

परतताना भूक लागली, म्हणून नेहमीच्या ठेल्यावर तर्री-पोहे घेतले. पोरीनं सवयीनं रजिस्टर उघडलं आणि ठेलेवाल्याला तोच प्रश्न विचारला. झारा हातात ठेवूनच तो सुरू झाला. हरभरा रात्री नऊला भिजवायचा. पहाटे साडेतीनला उठायचं, चारला तर्री चुलीवर. पोहे एकदम भिजवायचे नाहीत, गिऱ्हाईक पाहून पाहून भिजवायचे, नाहीतर लगदा होतो. सहाला ठेला लागतो, साडेदहाला सरतो. मग भांडी, मग बाजार, मग दोन तास झोप. पावसात निम्मा धंदा. परीक्षेच्या दिवसांत पोट्टे सकाळी लवकर येतात, तेव्हा पाच किलो जास्त. पोरीचं पेन थांबेना. चौथा रकाना भरून पानाच्या मागच्या बाजूला गेला.

सांगून झाल्यावर त्यानं माझ्याकडे पाहत तिला विचारलं, "अन् तुझे बाबा काय करतात?"

पोरीनं पान उलटलं, नवी ओळ घातली आणि पेन माझ्याकडे रोखून थांबली.

"ऑफिसात असतो," मी म्हणालो.

"ते माहीत आहे, बाबा. दिवसभर नेमकं?"

मी प्लेट पुढे केली. "भाऊ, तर्री टाका ना अजून थोडी."