‘पॉझिटिव्ह आला’ म्हणजे ‘चूक त्याचीच’ नव्हे

गोव्यात सध्या एक मेसेज फिरतोय: अपघातात मेलेल्याच्या तपासणीत अमली पदार्थ सापडला की चूक त्याचीच, मग तो चालक असो वा पादचारी. आणि अल्कोमीटरवर (फुंकून दारू तपासायच्या यंत्रावर) शून्य आले की चालक शुद्धीत. दोन्ही खोटे.

अल्कोमीटरचे आधी उरकू. त्याला फक्त दारू कळते. गांजा ओढून किंवा झोपेची गोळी घेऊन फुंकले तरी शून्यच. दारूची कायदेशीर मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅम. अमली पदार्थांसाठी मोटर वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये असा आकडाच नाही. वाहनावर ताबा राहणार नाही इतका अंमल होता, हे दाखवावे लागते.

आता ‘सापडला’ म्हणजे नेमके कशात? लघवीच्या चाचणीत दिसतो तो गांजाचा शरीरात मोडून उरलेला अंश. त्याने नशा होत नाही, पण तो काही दिवस टिकतो. रोज ओढणाऱ्यात कित्येक आठवडे. गांजातले नशा आणणारे रसायन, टीएचसी, मात्र रक्तातून काही तासांतच झपाट्याने उतरते. त्यामुळे शनिवारी हणजूणला ओढलेला गांजा सोमवारी पर्वरीच्या अपघातात ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकतो. गांजाने गाडी चालवणे बिघडते, दारूसोबत तर जास्तच. पण ते सिद्ध करायला ही लघवी कामाची नाही.

पट्टीवरची प्राथमिक चाचणी सर्दीच्या गोळीतल्या स्यूडोएफेड्रिनलाही अँफेटामाइन हा अमली पदार्थ समजू शकते, म्हणून मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणू नेमका ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीने, खात्री करतात. खसखशीचे प्रकरण त्याहून किचकट. शागोतीच्या रश्शात पडते त्याच खसखशीत मॉर्फिनचा (अफूतल्या अमली द्रव्याचा) खरोखरच अंश असतो, त्यामुळे खात्रीच्या चाचणीतही मॉर्फिनच दिसते. तिथे प्रमाण बघावे लागते.

मृतदेहाच्या रक्ताची तऱ्हा आणखी वेगळी. मृत्यूनंतर काही औषधे अवयवांतून रक्तात झिरपतात, म्हणून हृदयातल्या रक्तात प्रमाण फुगलेले दिसते; नमुना मांडीच्या शिरेतून घ्यावा. नमुन्याच्या बाटलीत जंतूंना रोखणारे सोडियम फ्लोराइड नसेल तर जंतू त्यात दारूही तयार करतात.

पादचाऱ्याला तर कलम 185 लागूच नाही. फुटपाथ नसलेल्या रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याला मागून उडवले, तर त्याच्या रक्तातल्या गांजाचा संबंध काय?

नातेवाइकांनी अहवालात चार गोष्टी पाहाव्यात: नमुना कसला, कुठून घेतला, किती वाजता, खात्रीची चाचणी झाली का. सोबत 108 ची नोंद आणि कॅज्युअल्टीचे केसपेपर मागावेत. अपघातानंतर डॉक्टरांनीच दिलेली औषधेही तपासणीत सापडतात; मॉर्फिन, मिडाझोलाम, केटामिन ही वेदनाशामक आणि गुंगीच्या औषधांची नावे अनेकदा तिथेच, उपचारांच्या रकान्यात, वेळेसकट लिहिलेली असतात.