सगळे स्लायडर उजवीकडे? बजेट कार्डाचं गणित वेगळं आहे

स्वस्तातल्या ग्राफिक्स कार्डासाठी एक रामबाण उपाय सध्या जोरात फॉरवर्ड होतो आहे. थोडक्यात असा: एमएसआय आफ्टरबर्नर (कार्डाचा वेग आणि व्होल्टेज बदलायचं सॉफ्टवेअर) टाका, कोअर व्होल्टेज आणि पॉवर लिमिट पार उजव्या टोकाला न्या, कोअर क्लॉक (मुख्य चिपचा वेग, मेगाहर्ट्झमध्ये) +२००, मेमरी +१०००, फॅन १०० टक्के. फरमार्क (कार्डावर जबर भार टाकणारी चाचणी) दहा मिनिटं चाललं म्हणजे कार्ड स्टेबल. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) ३० ते ४० टक्के वाढतात, अडखळणं बंद होतं, आणि हल्लीचं कार्ड स्वतःला जळू देत नाही, तेव्हा बिनधास्त करा.

ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे कार्ड ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याला, माझा विरोध नाही. स्वस्त कार्डावर ते जरूर करावं. पण या उपायातला जवळजवळ प्रत्येक आकडा दुसऱ्याच कुणाच्या कार्डाचा आहे.

‘३० ते ४० टक्के एफपीएस वाढतात’

जीटीएक्स १६५० घेऊ. कागदावरचा बूस्ट क्लॉक (भाराखाली गाठायचा वेग) १६६५ मेगाहर्ट्झ, पण थंड असताना हे कार्ड आपणहून १८०० च्या पुढे जातं. २०१२ च्या जीटीएक्स ६८० पासून एनव्हिडियाची कार्डं तापमान आणि वॅट बघून स्वतःच क्लॉक वाढवत आली आहेत, म्हणजे सोपा फायदा कंपनीने आधीच काढून घेतलेला असतो. १८०० वर ४० टक्के म्हणजे २५२०. साध्या फॅनवर ही चिप २१०० च्या आसपास पोचली तरी नशीब समजायचं. पाच-दहा टक्के मिळाले तर काम चांगलं झालं. ६० चे ६५. हेही काही वाईट नाही, पण ४५ चे ६३ कुणी दाखवले तर गेमचं ग्राफिक्स सेटिंग बदललं होतं का, ते आधी विचारा.

‘व्होल्टेज आणि पॉवर लिमिट पूर्ण वाढवा’

बजेट कार्डाच्या बाबतीत सगळ्यात चुकीचा सल्ला हाच आहे. जीटीएक्स १०५० टीआय किंवा १६५० च्या अनेक कार्डांना पॉवर सप्लायकडून वेगळी केबल लागतच नाही. सगळी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधून येते, आणि त्या स्लॉटची मर्यादा ७५ वॅट आहे. त्यातही १२ व्होल्टच्या लाइनवर फक्त ६६. अशा कार्डांवर पॉवर लिमिटचा स्लायडर बहुधा १०० टक्क्यांपुढे सरकतच नाही.

आता वॅटची कमाल ठरलेली असताना व्होल्टेज वाढवलं की काय होतं? चिपची वीज ढोबळमानाने क्लॉकच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. व्होल्टेज पाच टक्क्यांनी वाढलं की त्याच क्लॉकला दहा टक्के जास्त वॅट लागतात. ते कुठून आणणार? कार्ड क्लॉक खाली ओढतं. म्हणजे स्लायडर वर गेला आणि वेग खाली आला.

इथे उलटा रस्ता चालतो. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज-क्लॉकचा वक्र उघडतो. समजा तुमचं कार्ड गेममध्ये एक व्होल्टला १८०० वर चालतंय. तर ९५० मिलिव्होल्टचा बिंदू उचलून १८०० वर ठेवा, त्याच्या उजवीकडची रेघ सपाट करा आणि अप्लाय करा. टिकलं तर तोच वेग कमी वॅटमध्ये मिळतो, आणि उरलेल्या वॅटमध्ये क्लॉक डगमगत नाही. मग १५-१५ मेगाहर्ट्झने वर जात बघा. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात, पण ७५ वॅटच्या कार्डाला खरा वेग बहुतेक वेळा यातूनच मिळतो.

‘कोअर +२००, मेमरी +१०००’

दोन अगदी सारखी कार्डंसुद्धा सारखी चढत नाहीत, हे आता सगळ्यांना माहीत आहे. मेमरीच्या आकड्यात मात्र एक वेगळीच मेख आहे. जीडीडीआर-५ मेमरीचा तोच ८ गिगाबिटचा वेग आफ्टरबर्नर एनव्हिडियाच्या कार्डावर साधारण ४००० मेगाहर्ट्झ दाखवतो आणि एएमडीच्या आरएक्स ५८० वर २०००. म्हणजे +१००० हा आकडा एकीकडे २५ टक्के वाढ, तर दुसरीकडे ५० टक्के. आकडा कॉपी करताना हे कोण बघतं?

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. लोक मेमरी वाढवत जातात आणि पडद्यावर ठिपके किंवा चौकटी दिसेपर्यंत सगळं ठीक आहे असं धरतात. पण जीडीडीआर-५ मध्ये डेटा नेताना झालेली चूक पकडून तो पुन्हा पाठवण्याची सोय असते. त्यामुळे चुका व्हायला लागल्या तरी चित्र स्वच्छच राहतं. फक्त पुन्हा पाठवण्यात वेळ जातो आणि एफपीएस घसरतात. म्हणून प्रत्येक पायरीला तोच बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) चालवून स्कोअर लिहून ठेवा. +४०० ला वाढला, +५०० ला वाढला, +६०० ला तिथेच अडला किंवा कमी झाला, तर मागे या. ठिपक्यांची वाट बघू नका. आणि कोअर आणि मेमरी एकाच वेळी हलवू नका, नाहीतर क्रॅश झाल्यावर दोष कुणाचा ते कळणार नाही.

‘फरमार्क दहा मिनिटं चाललं म्हणजे स्टेबल’

नाही. फरमार्क इतका भार टाकतं की कार्ड लगेच वॅटच्या मर्यादेला धडकतं आणि क्लॉक बराच खाली येतो. +२०० टाकल्यावर अख्खा वक्र वर सरकतो, पण फरमार्क तपासतं त्याचा खालचा भाग. वरचं टोक गाठलं जातं ते हलक्या भारात आणि थंड कार्डावर: गेमचा मेन्यू, लोडिंगनंतरचा पहिला मिनिट. म्हणून तर ‘फरमार्क पास झालं तरी मेन्यूतच गेम उडतो’ अशा तक्रारी येतात. थ्रीडीमार्क या बेंचमार्कची स्ट्रेस टेस्ट २० फेऱ्या घेते आणि ९७ टक्के सातत्य मागते, ती बरी. त्याहून बरे तुमचे स्वतःचे दोन-तीन गेम, तासभर तरी, मध्ये मध्ये मेन्यूत जाऊन. जीपीयूने (कार्डाच्या चिपने) दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. तसं एकदा जरी झालं तरी एक-दोन पायऱ्या खाली या.

‘अडखळणं बंद होतं’

आधी अडखळतंय कशामुळे ते बघा. आफ्टरबर्नरच्या ऑन-स्क्रीन डिस्प्लेवर (गेम चालू असताना पडद्यावर दिसणारे आकडे) जीपीयूचा वापर, व्हीरॅम (कार्डाची मेमरी) आणि फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) आलेख लावा. वापर ९७-९९ टक्के असेल तर ओव्हरक्लॉकचा उपयोग आहे. ६०-७० टक्के असेल तर सीपीयू मागे पडतोय, कार्ड कितीही ताणा. चार जीबी व्हीरॅम भरली असेल तर टेक्स्चर एक पायरी खाली आणा. आरएक्स ६५०० एक्सटीला तर पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि मदरबोर्डमधल्या डेटाच्या रस्त्याच्या) चारच लेन आहेत. व्हीरॅम भरली की तिथे, विशेषतः तिसऱ्या पिढीच्या बोर्डवर, झटके ठरलेलेच. आणि सरासरी ६५ येत असतील तर ६० वर फ्रेम लिमिट लावून बघा. प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांनी येते आणि डोळ्यांना जाणवतं ते हेच.

‘फॅन १०० टक्के’

गरज नाही. तापमानाप्रमाणे चढणारा वक्र लावा. कायम पूर्ण वेगाने आवाज, धूळ आणि बेअरिंगची झीज, तिन्ही वाढतात.

‘कार्ड स्वतःला जळू देत नाही’

हे बऱ्यापैकी खरं आहे, निदान चिपपुरतं. १६५० ची कमाल ९२ अंश सेल्सिअस आहे. तिथवर जाण्याच्या आधीच ती वेग कमी करते. पण स्वस्त कार्डांत मेमरी आणि वीज पुरवणाऱ्या भागांवर बरेचदा हीटसिंक (उष्णता खेचणारा धातूचा भाग) नसतो, आणि त्यांचं तापमान दाखवणारा सेन्सरही नसतो. आफ्टरबर्नरमधले ६८ अंश त्यांच्याबद्दल काही सांगत नाहीत. आणि कुणी दुसऱ्या कार्डाचा बायॉस (कार्डातला मूळ प्रोग्राम) फ्लॅश करून वॅटची मर्यादा काढायला सांगत असेल, तर ते हे संरक्षणच काढायला सांगतायत.

‘विंडोज सुरू होताना लागू करा’ हे बटण मात्र शेवटी दाबा, आठवडाभर नीट खेळून झाल्यावर. आधीच दाबलं आणि सेटिंग कच्चं निघालं तर प्रत्येक वेळी सुरू होताच काळा पडदा. तसं झालंच तर सेफ मोडमध्ये जा. तिथे कार्डाचा ड्रायव्हर लोड होत नाही, त्यामुळे ओव्हरक्लॉकही लागत नाही, आणि आफ्टरबर्नर काढून टाकता येतो.