दंडात दबलेली नस: थांबायचं ते कुठवर?

नमस्कार. "स्प्लिंट (मनगटाला आधार देणारी पट्टी) बांधा आणि थांबा, असं लिहून तुम्ही लोकांचा वेळ घालवता. माझा भाऊ सहा महिने थांबला, मनगट अजून लोंबतंय. पहिल्याच आठवड्यात ऑपरेशन करायला हवं होतं," असं तुम्ही दंडात दबलेल्या नसेवरच्या माझ्या लेखाबद्दल लिहिलंत. तुमचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. थांबायचं कुठवर, हे मी लेखात सांगितलंच नव्हतं. ही माझी चूक.

पहिल्या आठवड्यातल्या ऑपरेशनचं मात्र मला पटत नाही. रेडियल नर्व्ह, म्हणजे मनगट आणि बोटं उचलणाऱ्या स्नायूंची नस, दंडाच्या हाडाला मागून वळसा घालते आणि तिथे ती हाडाला अगदी खेटून असते. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून गाढ झोप लागली की ती नेमकी तिथेच चेपते. सकाळी मनगट उचलत नाही, बोटं सरळ होत नाहीत, अंगठ्यामागची त्वचा बधिर होते. कोपर मात्र बहुधा सरळ करता येतं, कारण ट्रायसेप्सला (कोपर सरळ करणाऱ्या, दंडामागच्या स्नायूला) जाणाऱ्या फांद्या वरच फुटलेल्या असतात. अशा दाबाने बहुतेक वेळा नसेचं आवरणच दुखावतं, आतले तंतू शाबूत राहतात. ते काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत आपोआप भरून येतं. तोवर स्प्लिंट हवाच. मनगट वर धरलेलं नसेल तर साधी मूठही घट्ट वळत नाही, आणि सांधे आखडतात ते वेगळंच.

आतले तंतू तुटले असतील तर हिशोब बदलतो. ते दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतात. दंडाच्या मध्यापासून कोपराजवळच्या स्नायूपर्यंत 10-12 सेंटिमीटर धरले, तरी साडेतीन-चार महिने झाले. म्हणून पहिलं ईएमजी, म्हणजे स्नायूंची विद्युत तपासणी, तीन आठवड्यांनंतर करतात (त्याआधी ते फसवं येऊ शकतं) आणि तीन महिन्यांनी पुन्हा. तेव्हाही स्नायू जागा होत असल्याची खूण नसेल, तर नस उघडून बघायचा विचार व्हायलाच हवा. दाब असेल तर सोडवतात, मधला भाग निकामी असेल तर दुसरीकडची नस आणून जोडतात. वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिलेला स्नायू मग फारसा परत येत नाही. उघड्या जखमेत नस कापली गेली असेल, किंवा कारण नसताना ताकद दिवसेंदिवस कमी होत असेल, तर तीन महिन्यांचा प्रश्नच नाही, लगेच दाखवायचं.

तुमच्या भावाला सहा महिने झालेत. दुसरं ईएमजी झालं का? सोनोग्राफीत नस सलग दिसली का? हे झालं नसेल तर याच आठवड्यात नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडे घेऊन जा. अजून वेळ गेलेली नाही. आणि नस परत आलीच नाही, तरी हात पालथा करणाऱ्या स्नायूचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) मनगट उचलणाऱ्या कंडऱ्याला जोडता येतो, त्याने मनगट उचलायला लागतं. त्याला मात्र सांधे मोकळे हवेत, म्हणून व्यायाम आजही सोडू देऊ नका.

तीन महिन्यांची मर्यादा मी मूळ लेखात आजच घातली आहे. तपासणीत काय निघालं ते जरूर कळवा.