हलू नका

विमा कंपनीकडे गेलेल्या माझ्या ईसीजीच्या कागदावर, वरच्या उजव्या कोपऱ्यात, निळ्या बॉलपेनने ‘पेशंट सहकार्य करत नाही’ असा शेरा मारलेला आहे. हा शेरा वास्तविक माझ्यावर नसून माझ्या डाव्या पोटरीवर आहे; परंतु विम्याच्या अर्जात पोटरीसाठी वेगळा रकाना नसल्यामुळे तो माझ्या नावावर जमा झाला, आणि आता कोणी तरी अनोळखी अधिकारी तो वाचून माझ्या स्वभावाविषयी मत बनवणार आहे.

हकिगत अशी की, चाळिशीनंतर स्नायू टिकवायचे असतील तर वजने उचला, असे हल्ली सगळेच डॉक्टर सांगतात, म्हणून मी कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी निघालेल्या जिममध्ये संध्याकाळी जातो. वैद्यकीय तपासणीच्या आदल्या दिवशी तिथे पायांचा वार होता. खांद्यावर बार घेऊन टाचा उचलायच्या आणि सावकाश टेकवायच्या, हा व्यायाम दिसायला महाद्वारात रांगेच्या मागून देवीचे दर्शन होते का हे पाहण्याइतकाच निरुपद्रवी असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी रक्त देऊन झाल्यावर, मी लॅबमधल्या रेक्झिनच्या पलंगावर आडवा झालो, आणि पोटरी उडू लागली.

दुखत काहीच नव्हते. गुडघ्याखाली चार बोटांवर, आतल्या बाजूला, नाण्याएवढा भाग दर दोन-तीन सेकंदांनी कातडीखाली टुणकन उठत होता आणि बसत होता. बाकीचा पाय त्या प्रकाराशी आपला काही संबंध नसल्यासारखा निवांत पडला होता. पोटरीत गोळा येणे वेगळे आणि हे वेगळे. गोळा आला की माणूस ओरडतो आणि भोवतालच्यांना सहानुभूती वाटते. नुसत्या उडणाऱ्या स्नायूला मात्र ना वेदना, ना प्रतिष्ठा.

ईसीजी काढणाऱ्या मुलीने मनगटांना आणि घोट्यांना चिमटे लावले, छातीवर थंडगार जेली फासून रबरी फुगे चिकटवले आणि यंत्र सुरू केले.

“काका, हलू नका.”

“मी हलत नाही.”

“मग हे काय आहे?” तिने कागद माझ्या डोळ्यांसमोर धरला. ईसीजीतली पहिली रेघ दोन हातांमधली असते, ती सरळ आणि सज्जन आली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेत डाव्या पायाचा चिमटा येतो, आणि तिथे माझ्या हृदयाच्या ठोक्यांच्या अधूनमधून पोटरी आपली सही करून गेली होती.

या दुखण्यातली खरी मेख तिला सांगायचा मी प्रयत्न केला. असा स्नायू विश्रांतीतच उडतो. पाऊल वर-खाली केले, पोटरी स्वतःहून आवळली, की तो तेवढ्यापुरता गप्प बसतो. पाय स्तब्ध ठेवला की पुन्हा सुरू होतो. म्हणजे थांबवायचा असेल तर हलायला हवे होते, आणि ईसीजी काढायचा असेल तर हलायचे नव्हते. १७८० च्या दशकात बोलोन्यामध्ये गॅल्व्हानी नावाच्या वैद्याने मेलेल्या बेडकाच्या तंगड्या विजेने उडवून दाखवल्या आणि १७९१ मध्ये त्यावर प्रबंध लिहून तो अजरामर झाला. त्या बेडकाला निदान कोणी ‘सहकार्य करा’ म्हणाले नव्हते.

पलंगाभोवतीचा हिरवा पडदा अर्ध्यावर अडकला होता, आणि त्याच्या पलीकडे माझ्यानंतरचा नंबर असलेले एक गृहस्थ स्टुलावर बसले होते. पंच्याहत्तरीच्या आसपासचे वय, सदरा काढून, घडी करून मांडीवर ठेवलेला, मान खांद्यांत रुतलेली आणि दोन्ही कान मोडून आतल्या आत मुडपलेले. कोल्हापुरात असे कान दिसले की व्यवसाय विचारावा लागत नाही.

“पावणं, पाय उडतोय व्हय?”

मी मान डोलावली.

“काका, मानसुद्धा नको,” मुलगी म्हणाली.

“डावा न्हवं?”

“डावा.”

“काका, बोलू पण नका.”

“बरोबर हाय तिचं. तुम्ही बोलू नगा, मी बोलतो,” असे म्हणून त्यांनी स्टूल पुढे ओढले, आणि पुढची जी काही मिनिटे मी त्या पलंगावर काढली त्यांत ते थांबल्याचे मला आठवत नाही. “पुरुषाचं डावं अंग उडणं वाईट. उजवं उडालं तर लाभ. डावं उडालं म्हंजे...” इथे त्यांनी वाक्य सोडून दिले आणि छताकडे पाहिले. “कशाला आलाय, इन्शुरन्सला? बेस केलंसा. येळंत आलाय.”

जुन्या पंचांगांत अंगावर पाल पडल्याची फळे दिलेली असतात, तशीच अंग स्फुरण पावल्याचीही असतात, हे मला ठाऊक आहे. आयुर्विम्याच्या तपासणीसाठी आडव्या पडलेल्या माणसाला ती तोंडी ऐकवण्याची प्रथा मात्र मला नवीन होती.

“मेहनत कुटं करतासा?”

मी बोलू शकत नसल्यामुळे दोन्ही मुठी वर नेऊन बार उचलल्याची खूण केली. यंत्राने लगेच तिचीही नोंद घेतली.

“जिम! आरशासमोर हुबं ऱ्हाऊन लोखंड उचलायचं, त्येच न्हवं? आमच्या तालमीत आरसा न्हवता. समोरच्या गड्याचं तोंड बघायचं, त्येच्यावर कळायचं आपुण कसं दिसतोय ते. आन् ह्ये उडतंय कशानं सांगू? रग जिरलेली न्हाई. अर्धवट मेहनत केली की रग अंगात ऱ्हाती, आन् वाट गावंना झाली की अशी उड्या मारती. घरला गेल्या-गेल्या पाश्शे बैठका काढा. उद्या पाय उडतोय का मला सांगा.”

पाचशे बैठकांनंतर उद्या पाय उठेल की नाही, हा प्रश्न माझ्या मनात आला. पण मला बोलायची बंदी होती आणि त्यांना नव्हती. मग खुराकाचा विषय निघाला. बदाम, खसखस, बडीशेप आणि मिरी दगडी कुंडीत घालून सोट्याने वाटायची, मिक्सरला लावायची नाही, कारण मिक्सर फिरला की बदामाचा जीव जातो. अशी थंडाई पिऊन, शाहू महाराजांनी बांधवून घेतलेल्या खासबागेच्या मैदानात ते कोणाकोणाशी लढले, त्यांतले कोण चीतपट झाले आणि कोण आता हयात नाहीत, हे सर्व मी चार चिमटे आणि सहा फुगे लावलेल्या अवस्थेत, श्वाससुद्धा बेताने घेत, ऐकले. शेवटी त्यांना राहवले नाही. ते उठले, पडद्याच्या आत आले आणि माझी पोटरी त्यांनी पंजात धरली. तो पंजा म्हणजे काय होता हे मी सांगू शकत नाही. दोन्ही पाय, पोट आणि जबडा एकाच क्षणी आवळला गेला.

“आजोबा, हात काढा! सगळी रेघ गेली!” मुलगी ओरडली.

“पर थांबलं का न्हाई बघा की.”

थांबले होते, हे कबूल करायला हवे. आलेखावर मात्र आता हृदय शोधूनही सापडत नव्हते. तिने उसासा टाकून चिमटा घोट्यावरून काढून मांडीजवळ लावला आणि एक बरी रेघ मिळवली (हा उपाय तिला पहिल्याच मिनिटाला माहीत असणार, अशी माझी शंका आहे), पण तोपर्यंत बॉलपेन चालून गेले होते. त्यानंतर पैलवान पलंगावर आडवे झाले, त्यांच्या देहाचा एक तंतूही हलला नाही, आणि मिनिटभरात बाहेर आलेला कागद पाहून ती म्हणाली, “किती छान, आजोबा!” मी तेव्हा छातीवरची जेली कापसाने पुसत होतो.

आलेख तपासणाऱ्या डॉक्टरांनी मात्र मोजकेच प्रश्न विचारले. चहा किती? झोप किती? जिममधले वजन वाढवले का? दमा, थायरॉइड, लघवी जास्त होण्याच्या किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या? शेवटच्या प्रश्नाने मी चमकलो, कारण पित्ताची गोळी आपल्याकडे कोणी औषधात धरतच नाही. पण ती महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे घेतली तर काही जणांच्या रक्तातले मॅग्नेशियम उतरते, आणि मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम उतरले की मज्जातंतू विनाकारण ठिणग्या टाकू लागतात. दम्याच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलनेही हातपाय थरथरतात. मग त्यांनी मला चवड्यांवर आणि नंतर टाचांवर चालायला लावले, दोन्ही पोटऱ्या सारख्याच जाडीच्या आहेत हे पाहिले आणि सांगितले की, बळ शाबूत आहे, स्नायू झिजलेला नाही, बोलताना जीभ जड होत नाही, घास अडकत नाही, तेव्हा घरी जाऊन झोपा. पाठीच्या कण्यातली एक मज्जापेशी पोटरीतल्या हजाराहून अधिक तंतूंचा कारभार एकटी पाहते. दमछाक झाल्यावर तिच्या टोकाला जरा खुट्ट झाले तरी ते सगळे तंतू एकदम उठतात, म्हणून ते बाहेरून दिसते, एवढेच. व्यायामानंतर स्नायू प्रचंड दुखून सुजला आणि लघवी चहाच्या रंगाची झाली, तर मात्र थांबायचे नाही, सरळ रुग्णालय गाठायचे, असेही त्यांनी बजावले.

हे सगळे मला आदल्या रात्री कोणी सांगितले असते तर बरे झाले असते, कारण पोटरी त्या रात्री अंथरुणावरही उडत होती, आणि मी, झोप येईना म्हणून, फोनवर कारणे शोधत बसलो होतो. रात्री एक वाजता स्नायू का उडतो हे शोधणाऱ्या माणसाला चहा आणि जागरण ही कारणे आधी दिसत नाहीत. त्याला शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिसतात, ज्यांच्या एएलएस या, स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी झिजवणाऱ्या आजाराचे निदान १९६३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी झाले. त्या आजारात स्नायू उडतात हे खरे. पण तिथे आधी किंवा जोडीने बळ जाते, हातातून वस्तू सुटतात, पाय अडखळतो. हे वाक्य त्या मजकुरात असते, फक्त ते इतके खाली असते की तिथपर्यंत पोहोचेपर्यंत माणसाने मृत्युपत्राचा मसुदा मनात तयार केलेला असतो. आणि चिंता हे स्नायू उडण्याचे आणखी एक मान्यवर कारण आहे.

संध्याकाळी मी ट्रेनरला जाब विचारला. त्याने एका क्षणात ‘लॅक्टिक ॲसिड’ असे उत्तर दिले. ते तर व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातून ओसरते. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये माझा अपमान करायला ते थांबत नाही. मग तो म्हणाला, “सर, इलेक्ट्रोलाइट गेले असतील, केळी खा.” केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते हे ठीक आहे, पण घामातून मुख्यतः जाते ते सोडियम, लिटरमागे साधारण एक ग्रॅम, आणि तांबडा-पांढरा रस्सा ओरपणाऱ्या गावात, पंख्याखाली तासभर वजने उचलून सोडियमची उणीव होते, यावर माझा विश्वास बसत नाही. खरोखर घाम निथळला असेल तर पाणी, चिमूटभर मीठ घातलेले लिंबाचे सरबत आणि घरचे जेवण एवढ्यात ते भरून निघते. हे ऐकून घेऊन त्याने कपाटातून मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा डबा काढला. त्यावरची किंमत वाचून माझी उजवी पापणीही लवू लागली, जे पैलवानांच्या हिशेबाने शुभ असावे.

आणि या सगळ्यात चोर कोण, तर त्याच कपाटातली ती दुसरी भुकटी, जी तो व्यायामाआधी ‘पंप येतो’ म्हणून पाण्यात ढवळून देतो. तिच्या एका चमच्यात २०० मिलिग्रॅम कॅफिन असल्याचे डब्यावर स्पष्ट छापलेले आहे, म्हणजे आपल्या चार-पाच कप चहाइतके. ते निम्मे व्हायला शरीराला सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी सातला घेतले तर मध्यरात्री बारालाही शंभर मिलिग्रॅम अंगात शिल्लक आहे, त्याने झोप गेली आहे, आणि झोप गेली म्हणून पोटरी उडते आहे. मला राग येतो तो याचा. कमी झोपेने आणि जास्त कॅफिनने हे होते, दोन दिवस पाय मोकळे सोडा, वजन बेताबेताने वाढवा, रात्री पोटऱ्या ताणून लवकर निजा, असे सांगायला त्या मुलाला काही अडचण नाही. पण झोपेचा डबा कपाटात ठेवता येत नाही आणि तिच्यावर कमिशन नाही. जिमच्या भिंतीवर दंड, छाती, पोट यांचे तक्ते आहेत. ‘आज घरी जा’ असा एकही तक्ता मी पाहिलेला नाही. त्यातल्या त्यात सरळ होते ते ते पैलवानच. त्यांचे निदान संपूर्ण उलटे होते, पण बदामात मॅग्नेशियम भरपूर असते आणि त्यांनी मला काही विकले नाही.

मी भुकटी बंद केली, दुपारनंतरचा चहा सोडला, दहाला दिवा मालवू लागलो, आणि पोटरी काही दिवसांत निमूटपणे गप्प झाली. प्रकरण इथे संपायला हरकत नव्हती. परंतु काल विमा प्रतिनिधीचा फोन आला. रक्ताच्या तपासणीत एसजीओटी, म्हणजे यकृताची तब्येत पाहायला मोजतात ते द्रव्य, वाढलेले आहे, तेव्हा साहेब, राग मानू नका, पण आपण थोडीफार घेता का? मी त्याला समजावले की, हे द्रव्य यकृताप्रमाणेच स्नायूंतही असते, जड वजनांच्या व्यायामानंतर ते रक्तात उतरते आणि आठवडाभर वाढलेले राहू शकते, शिवाय यकृताचेच दुसरे माप, जीजीटी, अगदी सरळ आले आहे, जे स्नायूंमुळे वाढत नाही. तो शांतपणे म्हणाला, “सगळे असंच काहीतरी सांगतात, साहेब.” आता रक्त पुन्हा द्यायचे आहे आणि त्याआधी दहा दिवस जिमकडे फिरकायचे नाही. ट्रेनरला हे कळवले, तर त्या दिवसांची फी पुढे धरता येणार नाही, असे त्याने सांगितले आहे.