व्हेनम म्हणजे एडी ब्रॉक नव्हे

स्पायडरमॅनची जुनी प्रेयसी मेरी जेन वॉटसन व्हेनम झाली त्याला बरेच दिवस झाले, तरी आमच्या कॉमिक्सवाल्या मंडळींचा राग काही निवत नाही. ‘खरा व्हेनम एकच, एडी ब्रॉक’, ‘आता बायकांनाही व्हेनमचा पोशाख वाटत सुटलेत’, ‘मार्व्हलकडच्या कल्पना संपल्या’ वगैरे. शेवटच्या आरोपावर मी वाद घालणार नाही. पण पहिला मला अजिबात मान्य नाही. तो का मान्य नाही हे एकदाच सविस्तर लिहून टाकतो, म्हणजे प्रत्येकाच्या पोस्टखाली जाऊन भांडायला नको.

व्हेनम हा माणूसच नाही. तो एक परग्रहावरचा काळा, चिकट जीव आहे. त्याला जगायला कुणाचं तरी शरीर लागतं; अशा जीवाला कॉमिक्समध्ये सिम्बायोट म्हणतात. माणसं आली, गेली, काही मेली, तो राहिला. त्याला नायक म्हणा, खलनायक म्हणा, नाहीतर अँटीहिरो, पण गोष्ट त्याची आहे.

सुरुवात तर एडीच्या कितीतरी आधीची. १९८२ मध्ये एका वाचकाने मार्व्हलला कल्पना पाठवली की स्पायडरमॅनला काळा पोशाख द्या. संपादक जिम शूटरने ती २२० डॉलरला विकत घेतली. (२२० डॉलर! पुढे या पोशाखावर किती खेळणी, किती सिनेमे निघाले याचा हिशेब त्या बिचाऱ्याने करू नये.) १९८४ मध्ये पोशाख आला आणि त्याच वर्षी ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या २५८ व्या अंकात कळलं की हा कपडा नाही, जिवंत प्राणी आहे. पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, गाढ झोपलेला असताना हा त्याचं शरीर घेऊन रात्रभर शहरात हिंडतो आणि पीटर सकाळी थकून उठतो. आपल्याकडे याला अंगात येणं म्हणतात. गावाकडच्या कुठल्याही आजीला हा अंक वाचून दाखवा, तिला सिम्बायोट म्हणजे काय ते समजावून सांगावं लागणार नाही.

पीटरने त्याला झिडकारलं. १९८५ मध्ये चर्चच्या घंटांच्या आवाजाने तो सुटला, पण सुटताना त्याने पीटरचा जीव वाचवला. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं या झिडकारण्यातून येतं.

१९८८ च्या ३०० व्या अंकात एडी ब्रॉक आला. डेव्हिड मिशेलिनीची कथा, टॉड मॅकफार्लेनची चित्रं. एडी पत्रकार. ‘सिन-ईटर’ नावाच्या खुन्याबद्दल त्याने मोठी बातमी छापली, एका माणसाला खुनी म्हणून जाहीर केलं, आणि स्पायडरमॅनने खरा खुनी पकडून दिला. एडीची नोकरी गेली, लग्न मोडलं. चूक स्वतःची, राग स्पायडरमॅनवर. आत्महत्येचे विचार डोक्यात घेऊन तो चर्चमध्ये गेला आणि तिथे त्याला स्पायडरमॅननेच टाकून दिलेलं दुसरं कुणीतरी भेटलं. एकाच माणसाचा द्वेष करणारे दोघे एकत्र आले. यापेक्षा चांगली जन्मकथा नव्वदीच्या दशकातल्या कुठल्या कॉमिक्स खलनायकाला मिळाली असेल तर मला सांगा.

मग तो प्रचंड खपायला लागला, आणि खपणाऱ्याला मरू देत नाहीत, तुरुंगातही ठेवत नाहीत. १९९३ मध्ये स्पायडरमॅनशी समझोता करून व्हेनम सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि जमिनीखाली राहणाऱ्या बेघर लोकांचा रक्षक झाला. निरपराधांना वाचवायचं, बाकीच्यांची डोकी खायची. अँटीहिरो झाला तो असा. मला हा काळ फार आवडत नाही. खुनाला तत्त्वज्ञानाचा मुलामा लावला की वाचकाला अपराधी न वाटता रक्तपात बघता येतो, एवढाच त्याचा उपयोग होता. ‘खरा व्हेनम’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक हाच काळ असतो, कारण आपण सगळे तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होतो.

खरी गंमत सूट, म्हणजे हाच पोशाखरूपी जीव, हस्तांतरित व्हायला लागला तिथून सुरू होते. बॅटमॅन किंवा कॅप्टन अमेरिका बदलतो तेव्हा थोडी राज्याभिषेकाची हवा असते. स्टीव्ह रॉजर्स ढाल सॅम विल्सनच्या हाती देतो, जुना नव्याची पाठ थोपटतो. व्हेनमच्या बाबतीत कुणी कुणाची पाठ थोपटत नाही. २००४ मध्ये कर्करोग झालेल्या एडीने सूट चक्क लिलावात विकला. एका माफिया डॉनने दहा कोटी डॉलर मोजून तो आपल्या भित्र्या, दुबळ्या पोराला घेऊन दिला. अँजेलो फॉर्च्युनाटो त्या पोराचं नाव. पोराने निरपराध माणसं मारली, स्पायडरमॅन समोर आल्यावर पळाला, आणि एका इमारतीवरून दुसरीवर उडी मारत असताना सूटने हवेतच त्याला सोडून दिलं. भित्रा यजमान नको होता. पोरगा खाली पडून मेला. इतकी छोटी भूमिका, पण मला व्हेनमची अख्खी कल्पना त्या एका उडीत दिसते: बापाने पैसे मोजले म्हणून सूट तुमचा होत नाही.

त्यानंतर मॅक गार्गन, म्हणजे स्पायडरमॅनचा जुना शत्रू स्कॉर्पियन. हा माणूस आधीच सडलेला, त्यामुळे सूट आणि माणूस यांच्यात झगडाच नाही. सरकारसाठी काम करणाऱ्या खलनायकांच्या ‘थंडरबोल्ट्स’ मालिकेत त्याने एका सुपरहिरोचा हात चावून तोडला. पण २००९ मध्ये नॉर्मन ऑसबॉर्नच्या, म्हणजे स्पायडरमॅनच्या आणखी एका जुन्या शत्रूच्या हाती अमेरिकेची सुरक्षा आली आणि त्याने स्वतःचे ‘अ‍ॅव्हेंजर्स’ उभे केले, तेव्हा याच गार्गनला औषधं देऊन, आकार आटोक्यात ठेवून, लोकांपुढे स्पायडरमॅन म्हणून उभं केलं. ज्याने सूटला झिडकारलं त्याचंच नाव शेवटी सूटला मिळालं, तेही सरकारी शिक्क्यासकट. लेखकांनी यातून फारसं काही काढलं नाही, ही तक्रार आहेच.

आता माझ्या माणसाकडे येतो. फ्लॅश थॉम्प्सन.

१९६२ मध्ये स्पायडरमॅनची पहिली गोष्ट आली तेव्हापासून फ्लॅश आहे. शाळेत पीटरला छळणारा दांडगट, आणि पुढे स्पायडरमॅनचा सगळ्यात मोठा भक्त. बाप दारुडा पोलीस, घरी मार खाणारा मुलगा. मोठेपणी फ्लॅश लष्करात गेला आणि इराकमध्ये सहकाऱ्याला वाचवताना दोन्ही पाय गमावून बसला. २०११ मध्ये अमेरिकन लष्कराने सूट याच्या अंगावर चढवला. सूटने त्याला पाय दिले. अट अशी की एका वेळी ४८ तासांपेक्षा जास्त घालायचा नाही, नाहीतर सूट कायमचा चिकटेल. सूट शांत राहावा म्हणून गुंगीची औषधं, आणि तरी बिथरलाच तर वरिष्ठांच्या हातात बटण, ज्याने फ्लॅशच उडेल.

रिक रेमेंडरने हे लिहिलं आणि सुरुवातीला टोनी मूरने काढलं. बापासारखी दारू लागलेला माणूस, ज्याला दर मोहिमेनंतर पाय काढून ठेवावे लागतात, आणि पुढची मोहीम कधी याची तो वाट बघतो. व्यसनाबद्दल मी सुपरहिरो कॉमिक्समध्ये याहून नीट काही वाचलेलं नाही. सूट उतरवलेला फ्लॅश व्हीलचेअरवर बसलेला असतो ती पानं लढाईच्या पानांपेक्षा जास्त ताणलेली आहेत. शिवाय ज्या स्पायडरमॅनची त्याने आयुष्यभर भक्ती केली, त्याने टाकून दिलेली वस्तू अंगावर घेऊन हा चांगलं वागायचा प्रयत्न करतोय, आणि तो स्पायडरमॅन म्हणजे शाळेत आपण ज्याला छळलं तो पीटर, हे त्याला ठाऊकच नाही. एडीच्या गोष्टीत राग आहे. इथे राग, लाज आणि गरज तिन्ही आहेत. म्हणून माझ्या लेखी फ्लॅश हा सर्वांत चांगला व्हेनम, एडी दुसरा, आणि दुसराही बराच मागे.

२०१६ मध्ये ली प्राइस आला. हाही माजी सैनिक, हात अधू झालेला, काम मिळत नाही. फ्लॅशसोबत राहून सूटला चांगलं वागायची सवय लागली होती, आणि या वेळी माणसानेच सूटला दाबून वाईट कामाला लावलं. उलटी पछाडणी! काय सुंदर कल्पना, आणि काही अंकांतच गुंडाळून टाकली, कारण २०१७ मध्ये एडीला परत आणायचं होतं. २०१८ मध्ये सिनेमा येणार होता, एवढं सांगितलं की पुरे. त्याच वर्षी ‘अमेझिंग’च्या ८०० व्या अंकात फ्लॅश मेला. (नंतर जिवंत झाला. सगळेच होतात.)

डॉनी केट्स आणि रायन स्टेगमन यांची परतलेल्या एडीवरची मालिका लोकांना फार आवडते. सिम्बायोटांचा देव नल, विश्वाच्या आरंभीचा अंधार, ड्रॅगन. वाचताना मजा येते हे कबूल. पण एडी देवाच्या सिंहासनापर्यंत पोहोचला की नोकरी गेलेल्या पत्रकाराचं काय करायचं? २०२१ पासूनच्या मालिकेत अल ईविंग आणि राम व्ही यांनी ही गाठ सोडवायचा चांगला प्रयत्न केला: बाप एडी अंतराळात, आणि पृथ्वीवर सूट मुलाच्या, डिलनच्या अंगावर. राम व्ही आपल्या मुंबईचा, ‘ग्राफिटीज वॉल’ हे मुंबईतल्या पोरांवरचं पुस्तकही त्याचंच. त्याने लिहिलेला डिलन हा आधी घाबरलेला मुलगा आहे आणि मग व्हेनम. वारसा म्हणून सूट मिळणं किती भयंकर असेल, हे तिथे पहिल्यांदा जाणवतं.

आणि आता मेरी जेन, २०२५ मध्ये. ‘बाईला कशाला’ म्हणणाऱ्यांसाठी: मिशेलिनीने नंतर सांगितलंय की त्याच्या मूळ कल्पनेत सूट एका बाईलाच मिळणार होता. गरोदर बाई, नवरा टॅक्सीखाली गेलेला, कारण टॅक्सीवाला मान वर करून स्पायडरमॅनची मारामारी बघत होता. त्या धक्क्यात मूलही जातं. संपादक जिम सॅलिक्रपना बाई स्पायडरमॅनला भारी पडेल हे पटलं नाही, म्हणून एडी जन्मला. एडीची घटस्फोटित बायको अ‍ॅन हिच्या अंगावर १९९५ मध्येच सूट चढला होता, आणि त्या अनुभवातून ती कधी सावरली नाही. म्हणजे ही फॅशन आजची नव्हे.

मेरी जेनचा हक्क तर त्याहून जुना. ‘अमेझिंग’च्या २९९ व्या अंकाचं शेवटचं पान काढून बघा. ती अंधारात घरी येते आणि समोर दात विचकून व्हेनम उभा असतो. त्याचं पहिलं पूर्ण दर्शन वाचकाला होतं ते तिला घाबरवताना. त्या धसक्यामुळे तिने पीटरला काळा पोशाख सोडायला लावला आणि तो पुन्हा लाल-निळ्यात आला. तीच बाई ३७ वर्षांनी तो सूट अंगावर घेते! यात नाट्य दिसत नसेल तर मग काय बोलायचं. लेखकांना ते पेलतंय का, यावर वाद घाला, मीही घालेन. हक्कावर नको.

सिनेमांबद्दल फार बोलत नाही. टॉम हार्डीने तिन्ही भागांत एकट्याने एडी आणि व्हेनम दोघांचं भांडण छान रंगवलं, पण सूट दुसऱ्या कुणाकडे जाऊन राहील अशी हिंमत कुणी केली नाही. पहिल्यात थोडा वेळ अ‍ॅन, दुसऱ्यात किराणा दुकानवाल्या मिसेस चेन, असे तात्पुरतेच. तिसऱ्यात तर घोडा, मासा आणि बेडूकसुद्धा व्हेनम होऊन गेले. फ्लॅश थॉम्प्सनचा नंबर मात्र बेडकानंतरही लागला नाही.